विनोदी फँटसी पडद्यावर आणायची तर आधी सांगणाऱ्याची सोय बघा

पिक्चर संपला की कुणीतरी म्हणतंच, "पुस्तक जास्त भारी होतं." मग ते कोथरूडच्या थिएटरच्या पार्किंगमध्ये गाडी काढताना असो नाहीतर घरी रात्री दीड वाजता सिरीजचा शेवटचा एपिसोड संपवून असो. आणि मग चर्चा सुरू होते की अमका सीन का कापला, तमकी हिरोईन पुस्तकात अशी नव्हतीच, ड्रॅगन काय असा दिसतो का वगैरे. बाकीच्या पुस्तकांच्या बाबतीत हे ठीक आहे. पण विनोदी फँटसी हा जो प्रकार आहे, म्हणजे ज्यात चेटकिणी, राक्षस, ड्रॅगन, देवदूत सगळे असतात आणि तरी पानापानाला हसू येत असतं, त्याचं दुखणं बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी असतं. कथा जवळपास तशीच असते, नट चांगले असतात, पैसाही लावलेला असतो, आणि तरी बघताना सारखं वाटत राहतं की काहीतरी गेलंय. गेलेला असतो तो निवेदक, पुस्तकभर आपल्या कानाशी बोलत असलेला तो आवाज. या प्रकारात विनोद घटनेत कमी आणि सांगण्यात जास्त असतो, म्हणून कथा कुठे कापायची याच्या आधी सांगणाऱ्याला कुठे बसवायचं हे ठरवायला लागतं. आणि ते कसं ठरवतात, कुठे जमतं, कुठे फसतं, हे एकदा नीट कळलं ना की अशा सिरीज बघायची मजाच वेगळी होते.

एक छोटा नमुना घेऊ. हा कुठल्या पुस्तकातला नाही, फक्त समजावण्यासाठी इथेच रचलाय.

"शनिवार पेठेत एक वेताळ भाड्यानं राहायचा. भाडं दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी आठ वाजता, न मागता द्यायचा, आणि नेमका त्यामुळेच घरमालक काकांना संशय आला की हा माणूस नसावा."

आता हे शूट करायचंय. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे वेताळ येतो, पाकीट देतो, काका घेतात, कट. यात घटना सगळी आली आणि विनोद सगळा गेला, कारण विनोद "नेमका त्यामुळेच" या दोन शब्दांत होता आणि त्या दोन शब्दांचा फोटो काढता येत नाही. शिवाय अजून एक गोची आहे. वाक्यात वेताळ दिसतो कसा हे सांगितलेलंच नाही, आणि वाचताना आपण ते विचारतही नाही. कॅमेऱ्याला ही सोय नाही, पहिल्या फ्रेमपासून त्याला चेहरा, कपडे, पाय, सगळं द्यावं लागतं. पाय उलटे दाखवले तर प्रेक्षकाला काकांच्या आधीच कळलं, म्हणजे संशय पायांमुळे आला आणि भाड्याचा विनोद उरलाच नाही. साधा माणूस दाखवला तर वेताळ कुठाय? कागदावर लपवता येतं, पडद्यावर दाखवायलाच लागतं, आणि विनोदात काय कधी कळलं याच्यावर सगळं चालतं.

दुसरा मार्ग व्हॉइसओव्हर. वाक्य जसंच्या तसं वाचून टाका. पण आवाज बोलत असताना चित्रात काय चाललंय? जर आवाज म्हणतोय "भाडं द्यायचा" आणि चित्रातही तो भाडंच देतोय, तर एकच गोष्ट दोनदा सांगितली, आणि दोनदा सांगितलेला विनोद पडतो. म्हणजे चित्रानं दुसरंच काहीतरी सांगायला हवं. आवाज वेताळाच्या शिस्तीचं कौतुक करतोय आणि चित्रात काका ती नोट खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघतायत, परत परत बघतायत, असं काहीतरी. मग आवाज आणि चित्र यांच्यामधल्या फटीत हसू येतं.

तिसरा मार्ग संवाद. काका घरात येऊन म्हणतात, "अगं, तो वरचा आहे ना, तो माणूस नाहीये." काकू भाजी निवडता निवडता, "कशावरून?" "एक तारखेला भाडं दिलं." काकूंचा हात थांबतो. "मागच्या महिन्यात पण?" हे चांगलंय, कदाचित मूळ वाक्यापेक्षा चांगलंय. पण याची किंमत आहे. मूळ वाक्यात शहाणा होता तो सांगणारा, काका नुसते संशयी होते, आता काका-काकू दोघंही हुशार, बोलके झाले. एका ठिकाणी ठीक, पण तीनशे पानांतला सगळा निवेदकाचा विनोद असा पात्रांच्या तोंडी वाटत गेलात तर पिक्चरमधला प्रत्येक माणूस लेखकासारखा बोलायला लागतो, पहारेकरी पण चटपटीत, राजा पण चटपटीत, ड्रॅगन पण चटपटीत, आणि मग कुणीच वेगळं उरत नाही.

चौथा मार्ग म्हणजे शब्द टाकूनच द्यायचे. भिंतीवर कालनिर्णय, एक तारीख. काका वही घेऊन जिना चढतात. त्यांच्या चपलांचा आवाज आला की एकेका खोलीतला दिवा जातो, रेडिओ बंद होतो, कडी लागते. सगळ्यात वरचं दार मात्र काकांनी हात उचलायच्या आधी उघडतं आणि आतून पाकीट पुढे येतं, बरोबर रकमेचं. काका पाकीट न घेताच दोन पायऱ्या मागे सरकतात. हा माझ्या मते सगळ्यात सिनेमाचा मार्ग, कारण इथे विनोद पूर्णपणे चित्रात गेला आणि वेताळ दाखवायचीही गरज पडली नाही, नुसता हात पुरला. पण याला चाळीस-पन्नास सेकंद लागली, वाचायला सहा-सात सेकंदं लागली होती.

आणि इथेच दुसरी मोठी भानगड सुरू होते, ती वेळेची.

पटकथेचा ढोबळ हिशोब असतो की एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. म्हणजे दोन तासांचा पिक्चर म्हटला की 120 पानं पटकथा, आणि पटकथेच्या पानावर कादंबरीच्या पानापेक्षा मजकूर बराच कमी असतो. तीन-साडेतीनशे पानांची कादंबरी कुणी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केली तर नऊ-दहा तास सहज होतात. म्हणजे दोन तासांत बसवायचं तर बरंच बाहेर ठेवायला लागणार हे ठरलेलंच. गंमत अशी की कापायला बसलं की पहिला हात कशावर पडतो? कथेला पुढे न नेणाऱ्या गोष्टींवर. आणि विनोदी फँटसीत कथेला पुढे न नेणाऱ्या गोष्टी, म्हणजे विषयांतरं, तळटिपा, मध्येच एखाद्या फालतू देवाची पाऊण पान माहिती, हाच तर जीव असतो. नीट, शिस्तीत, नियमानं कापत गेलं की शेवटी हातात साधीसुधी फँटसी उरते, राजकन्या, तलवार, राक्षस, आणि ती तर इतर लोकांनी जास्त बजेटमध्ये केलेली असते.

वेळेमुळे किती फरक पडतो याचं चांगलं उदाहरण लेमनी स्निकेट या नावानं आलेली अनाथ भावंडांची 13 पुस्तकांची मालिका. पक्की फँटसी नाही म्हणता येणार, पण घराण्यातलीच. 2004 च्या पिक्चरमध्ये पहिली तीन पुस्तकं एकाच सिनेमात बसवली होती. नेटफ्लिक्सनं 2017 ते 2019 मध्ये तीच मालिका केली तेव्हा एकेका पुस्तकाला दोन एपिसोड दिले, फक्त शेवटच्या पुस्तकाला एक, असे एकूण 25. पण नुसता वेळ वाढवून भागलं नसतं. त्यांनी निवेदकालाच माणूस केला. पॅट्रिक वॉरबर्टन सूट घालून सरळ सीनमध्ये चालत येतो, मागे मुलं संकटात आहेत आणि हा कॅमेऱ्याकडे बघून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं आपल्याला सांगतो की पुढे बघू नका, वाईट वाटेल. पात्रांना तो दिसत नाही. पुस्तकात तो आवाज मध्येमध्ये येऊन थांबवायचा, शब्दांचे अर्थ सांगायचा, स्वतःचं दुःख सांगायचा, ते सगळं इथे शाबूत राहिलं.

हे आपल्याला नवीन वाटायचं खरं तर काही कारण नाही, कारण आपल्याकडे कीर्तन आहे. कीर्तनकार आख्यान सांगतो, सांगता सांगता थांबतो, समोरच्या बाकावरच्या आजोबांना काहीतरी विचारतो, आजच्या महागाईवर येतो, एक पद म्हणतो, लोकांना हसवतो आणि परत बरोबर जिथे सोडलं होतं तिथून आख्यान उचलतो. आता समजा कुणी ते कीर्तन ऐकून फक्त आख्यानाचा सिनेमा काढला. कथा तीच, पण उत्तररंगात लोक ज्याला हसत होते, मान डोलवत होते, तो बुवा कुठाय? विनोदी फँटसीच्या वाचकाची तक्रार नेमकी हीच असते, फक्त ती "सीन कापला" या शब्दांत बाहेर येते.

यावर आजपर्यंत सापडलेलं सगळ्यात देखणं उत्तर माझ्या मते "द प्रिन्सेस ब्राइड"चं आहे, आणि त्यावर जरा थांबतो कारण तिथे सगळं दिसतं. विल्यम गोल्डमननं 1973 मध्ये ही कादंबरी लिहिली. त्यात त्यानं एक खेळ केलाय, हे पुस्तक माझं नाहीच, मॉर्गेनस्टर्न नावाच्या कुणा जुन्या लेखकाचं आहे, लहानपणी मी आजारी असताना वडिलांनी मला ते वाचून दाखवलं, मोठा झाल्यावर कळलं की मूळ पुस्तक भयंकर कंटाळवाणं आहे आणि वडील फक्त चांगले भाग वाचत होते, म्हणून मी आता फक्त चांगल्या भागांची आवृत्ती काढतोय. मॉर्गेनस्टर्न हा लेखक मुळात अस्तित्वातच नाही. आणि मग पुस्तकभर गोल्डमन मध्ये मध्ये येऊन सांगत राहतो की इथली अमुक पानं मी काढली, त्यात हे हे होतं. आता हे कसं करणार शूट? छापील पुस्तक संपादित केल्याचं नाटक हा विनोद कागदाचाच आहे.

1987 च्या पिक्चरची पटकथा गोल्डमननं स्वतः लिहिली, दिग्दर्शन रॉब रायनरचं. गोल्डमननं संपादनाचा सगळा खेळ सोडून दिला आणि त्याच्या मुळाशी जे होतं तेवढंच ठेवलं, आजारी मुलगा आणि त्याला वाचून दाखवणारा मोठा माणूस. वडिलांच्या जागी आजोबा आणले, पीटर फॉक. नातू अंथरुणात व्हिडिओ गेम खेळतोय, त्याला पुस्तकबिस्तक नकोय, मुके घेण्याची गोष्ट आहे का म्हणून तो वैतागतो. आणि मग एक जागा आहे, राजकन्या रात्री समुद्रात उडी मारते, पाण्यात किंचाळणाऱ्या राक्षसी ईल, म्हणजे सापासारखे लांब मासे, तिच्याकडे येतायत, एकीनं जबडा उघडलाय, आणि बरोबर तिथे आजोबांचा आवाज येतो की तिला आत्ता ईल खात नाही. कट टू नातवाची खोली. पोरगा म्हणतो मी काही घाबरलो नव्हतो, आणि चादर मुठीत घट्ट धरलेली. पुस्तकात याच जागी शार्क होते, पिक्चरमध्ये ईल झाले, पण कुणाची काही तक्रार नाही! कारण जे टिकायला हवं होतं ते टिकलं, भर धोक्यात मध्येच थांबवणारा सांगणारा. प्राणी बदलला तरी चालतो. सांगणारा गेला असता तर तो एक बरा साहसपट झाला असता, एवढंच.

त्याच पिक्चरमध्ये दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कड्यावरची ती तलवारबाजी. कॅरी एल्विस आणि मँडी पटिंकिन यांनी तिच्यासाठी खरोखर शिकून, तालीम करून जवळजवळ सगळी लढाई स्वतः केली. दोघं डाव्या हातानं लढतायत, एकमेकांच्या चालींचं सभ्यपणे कौतुक करतायत, मग एक जण म्हणतो मी डावखुरा नाहीये आणि तलवार उजव्या हातात घेतो, थोड्या वेळानं दुसराही तेच करतो. हा विनोद चालतो कारण लढाई खरी आहे. तलवारी जर खोट्या, ढिल्या, "बघा आम्ही गंमत करतोय" अशा चालवल्या असत्या तर सभ्यपणाचं हसू आलंच नसतं. या प्रकारातलं जग स्वतःला कधीच हसत नाही. हसायचं ते आपण, आणि फार तर निवेदकानं.

पुण्यात राहून याचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही. आज जिथे एफटीआयआय आहे तिथे प्रभातचा स्टुडिओ होता, आणि तिथे 1940 मध्ये "संत ज्ञानेश्वर" झाला, ज्यात रेडा वेद म्हणतो आणि भिंत चालते. तो भक्तिपट आहे, विनोदी अजिबात नाही, पण अद्भुत गोष्ट पडद्यावर कशी धरायची हे त्यात फार स्वच्छ दिसतं. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी भिंत चालवली ती पूर्ण श्रद्धेनं चालवली, पडद्यावरचा एकही माणूस "बघा काय ट्रिक आहे" अशा चेहऱ्यानं बघत नाही, म्हणून बघणाराही तसं बघत नाही. विनोदी फँटसीला हीच श्रद्धा लागते, आणि तिच्यावर विनोदाचा थर वेगळा द्यावा लागतो. बरेच लोक इथेच गडबड करतात, त्यांना वाटतं विनोदी आहे ना, मग ड्रॅगन जरा फालतू दिसला तरी चालेल. नाही चालत. ड्रॅगन खरा वाटला पाहिजे, तरच त्याच्यासमोर फॉर्म भरून घेणारा कारकून मजेदार वाटतो.

आता टेरी प्रॅचेट, विनोदी फँटसी लिहिणारा इंग्रज लेखक. पुण्यात ज्यांनी ब्रिटिश लायब्ररीतून किंवा जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याची पुस्तकं शोधून शोधून वाचली त्यांच्यासाठी हा फार जिव्हाळ्याचा विषय. 1983 पासून 2015 पर्यंत त्याच्या डिस्कवर्ल्डच्या 41 कादंबऱ्या आल्या. सपाट, थाळीसारखं जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका महाकाय कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशात पोहत चाललंय. कूर्मावतार आणि दिग्गज ऐकून वाढलेल्या आपल्याला ही कल्पना जरासुद्धा परकी वाटत नाही, उलट आपुलकी वाटते. पण पडद्यावर आणताना काय होतं बघा. कासव दाखवायला व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवरची करामत, पुरतो, पंधरा-वीस सेकंदांचा शॉट, भव्य, सुंदर. पुस्तकात मात्र कासव भव्य आहे म्हणून मजा येत नाही. मजा येते कारण तिथल्या विद्वानांना चिंता लागलीय की कासव नर आहे की मादी, आणि त्यावर जगाचं भवितव्य कसं ठरेल याच्या त्यांच्याकडे व्यवस्थित उपपत्त्या आहेत. म्हणजे जेवढ्याला पैसे लागतात तेवढं सहज येतं, आणि जे फुकट होतं, एक वाक्य, तेच अवघड होऊन बसतं.

त्याचा मृत्यू, म्हणजे मृत्यू हे पात्र, सांगाडा, काळा झगा, हातात कोयता. पुस्तकात तो बोलतो ते सगळं कॅपिटल अक्षरांत आणि अवतरणचिन्हांशिवाय छापलेलं असतं. वाचताना तो आवाज थेट डोक्यात वाजतो, कानातून येतच नाही. हा छपाईचा विनोद आहे आणि पडद्यावर छपाई नाही, मग नटाच्या आवाजावर सगळा भार. 2006 मध्ये स्काय या ब्रिटिश टीव्ही चॅनेलनं त्याच्या "हॉगफादर" या कादंबरीवर दोन भागांचा सिनेमा केला तेव्हा तो आवाज इयन रिचर्डसनचा होता, 2008 च्या "द कलर ऑफ मॅजिक"मध्ये क्रिस्टोफर ली. रिचर्डसनचा मृत्यू थकलेला, समजूतदार, थोडा गोंधळलेला वाटतो, आणि मला तोच जास्त जवळचा, कारण "हॉगफादर"मध्ये मृत्यू मुलांना भेटी वाटायला निघालाय आणि त्याला ते मनापासून नीट करायचंय. तिथे नुसता भारदस्त आवाज असता तर ते पात्रच हातातून गेलं असतं. प्रॅचेट स्वतः त्यात खेळणी बनवणाऱ्याच्या छोट्या भूमिकेत दिसतो, तेही बघून बरं वाटतं.

शिवाय त्याच्या बहुतेक कादंबऱ्यांना प्रकरणंच नाहीत, एकातून दुसऱ्यात वाहत जातात. टीव्हीला मात्र दर पन्नास मिनिटांनी कुठेतरी थांबायला लागतं आणि थांबताना पुढच्या वेळी या असं वाटायला लावायला लागतं. आणि तळटिपा! पानाच्या तळाशी एखादी टीप, तिच्यात वरच्या गोष्टीशी जेमतेम संबंध असलेली एक छोटी वेगळीच गोष्ट. वाचक आपल्या मर्जीनं खाली जातो, हसतो, वर येतो. पडद्यावर प्रेक्षकाला मर्जी नाही, सगळ्यांना एकाच वेळी खाली जावं लागतं आणि एकाच वेळी वर यावं लागतं.

"द वॉच" ही बीबीसी अमेरिकाची 2021 ची सिरीज याच जगावर होती, निदान पात्रांची नावं तरी त्याच जगातली होती. वॉच म्हणजे तिथल्या एका शहराचे पहारेकरी. तिचं रूप पंक रॉकचं, चकाचक, कडक, आणि पुस्तकातला तो हळवा, चिडका, माणसांवर प्रेम करणारा सूर कुठेच नाही. वाचक तर नाराज झालेच, प्रॅचेटची मुलगी रियाना हिनंही ही वडिलांची वॉच नव्हे अशा अर्थाचं जाहीरपणे म्हटलं. आठ एपिसोडनंतर ती पुढे गेली नाही. बदल केले म्हणून ती फसली असं मला नाही वाटत, बदल तर सगळेच करतात. पण कुणाच्या नजरेतून हे शहर बघायचंय ती नजरच बदलली, मग नावं तीच ठेवून उपयोग काय.

याउलट "गुड ओमेन्स" बघा. प्रॅचेट आणि नील गेमन यांनी मिळून लिहिलेली 1990 ची कादंबरी, 2019 मध्ये सहा एपिसोड. निवेदन चक्क देवाच्या तोंडी दिलं, आणि तो देव बाईच्या आवाजात, फ्रान्सेस मॅकडॉरमंडच्या. सगळं जाणणारा निवेदक हवा होता ना, मग सगळं जाणणारा तो एकच! सोपं आणि अचूक. पण त्याहून धाडसाचं काम तिसऱ्या एपिसोडच्या सुरुवातीला आहे, जवळजवळ अर्धा तास नुसता देवदूत आणि सैतानाचा दूत यांची हजारो वर्षांची मैत्री, नोहाची नौका, रोम, शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर, फ्रेंच राज्यक्रांती, लंडनवरचे बॉम्ब. हे पुस्तकात असं नाहीच. कापाकापीच्या धंद्यात अर्धा तास वरून घातला, आणि तोच भाग लोकांच्या सगळ्यात लक्षात राहिला, कारण पुस्तकात जी माया निवेदकाच्या सुरात पसरलेली होती ती इथे दोन नटांच्या मध्ये आणून ठेवली. डेव्हिड टेनंट आणि मायकल शीन एकमेकांकडे बघतात त्यात ती दिसते.

डग्लस ॲडम्सच्या "हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी"चं उदाहरण थोडं वेगळं, कारण ते सुरूच झालं रेडिओवर, 1978 मध्ये बीबीसीवर, पुस्तक नंतर 1979 ला. ते विनोदी विज्ञानकथेत मोडतं पण अडचण तीच. तिथे निवेदक म्हणजे गोष्टीतलंच एक बोलणारं पुस्तक, म्हणून प्रश्न जन्मतःच सुटलेला. 1981 च्या टीव्ही मालिकेत ते पुस्तक बोलतं तेव्हा स्क्रीनवर हिरवी-निळी अक्षरं आणि आकृत्या धावतात, बघून वाटतं कॉम्प्युटर ग्राफिक्स आहेत, पण ते सगळं हातानं केलेलं ॲनिमेशन होतं. म्हणजे तळटीपच चित्र झाली. 2005 च्या पिक्चरमध्ये व्हीएफएक्स कितीतरी पुढचे होते, स्टीफन फ्रायचा आवाजही गोड, तरी जुन्या मालिकेच्या त्या गरीब ग्राफिक्सवर लोकांचा जीव आहे. पिक्चर यायच्या आधीच, 2001 मध्ये, ॲडम्स गेला होता.

इतकी वर्षं का लागतात हा प्रश्न पण लोक विचारतात. साधं आहे, निर्माता बहुतेक वेळा हक्क एकदम विकत घेत नाही, थोडे पैसे देऊन ठराविक मुदतीसाठी अडकवून ठेवतो, याला ऑप्शन म्हणतात. त्या मुदतीत पैसे उभे राहिले, नट मिळाले तर पुढचा व्यवहार, नाहीतर हक्क परत नाहीतर मुदतवाढ. म्हणून "अमुक पुस्तकावर सिरीज येणार" ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते आणि सिरीज येत नाही. हक्क पूर्ण विकले असतील तर अजून वाईट, स्टुडिओत साहेब बदलला की फाइल कपाटात. गोल्डमनला "प्रिन्सेस ब्राइड"चे हक्क स्वतःच्या खिशातून पैसे घालून परत घ्यायला लागले होते, स्वतःच्याच पुस्तकाचे. म्हणून मध्ये 14 वर्षं गेली.

आपल्याकडे भारतात हे कुणी करून दाखवलं म्हणाल तर सत्यजित राय, "गुपी गाइन बाघा बाइन", 1969. आजोबा उपेंद्रकिशोर यांची मुलांसाठीची छोटी गोष्ट, तिचा पूर्ण लांबीचा सिनेमा. इथे गणित उलटं, कापायचं नाही, वाढवायचंय. रायांनी वाढवलं ते गाण्यांनी आणि भुतांच्या नाचानं, आणि भुतांच्या राजाला आवाज स्वतःचा दिला, यंत्रानं बदलून. म्हणजे सांगणारा निवेदक म्हणून समोर आलाच नाही, तो भुताच्या तोंडून बोलला! आणि तो भुतांचा नाच, सहा-साडेसहा मिनिटं, एक शब्द नाही, चार जातींची भुतं, आधी आपापली नाचतात आणि मग एकमेकांत भांडून मरतात. कागदावर हे लिहिताच येणार नाही. वेताळाच्या उदाहरणातला चौथा मार्ग आठवा, शब्द टाकून देण्याचा, त्याचं हे टोक आहे.

मराठीत अशी फँटसी पडद्यावर फारशी आलेली नाही, पण निवेदकाचा प्रश्न मराठी लोकांनी सोडवलेला आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच, अतिशय गंभीरपणे सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शननं मालिका केली तेव्हा दिलीप प्रभावळकरांनी तो भाबडा गंभीरपणा चेहऱ्यावर आणि आवाजात घेतला, शेजारी बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. निवेदन नटात मुरवलं. आणि पु. ल. देशपांड्यांनी तर "बटाट्याची चाळ" स्टेजवर आणली ती एकट्यानं, नाटक न करता, सांगणाऱ्यालाच उभं करून. आजही ती पानं वाचताना कित्येकांना पुलंचाच आवाज ऐकू येतो, कुठे थांबायचे तेही ऐकू येतं. थांबणं हा यातला फार नाजूक भाग आहे. वाचताना किती थांबायचं ते वाचक ठरवतो, पडद्यावर ते एडिटर ठरवतो, हसू यायच्या आधी कट केला तर विनोद मेला, नंतर अर्धा सेकंद जास्त रेंगाळला तरी मेला. काकूंचा भाजी निवडणारा हात थांबतो तो शॉट बारा फ्रेम ठेवायचा की वीस, यावर आख्खा सीन उभा असतो. एका सेकंदात फ्रेम असतात 24.

म्हणून आता कुठल्या आवडत्या पुस्तकाचा ट्रेलर आला की मी ड्रॅगन बघत नाही. आधी ऐकायचं, सांगतंय कोण? आजोबा, देव, बोलणारं पुस्तक, सूटमधला माणूस, की कुणीच नाही? कुणीच नसेल तर तो सूर मग कुठे ठेवलाय, नटांत, गाण्यांत की शॉटमध्ये? मग पटकथा कुणाची आहे आणि एपिसोड किती आहेत ते बघायचं.

ज्यांनी यातलं काहीच बघितलेलं नाही त्यांनी "प्रिन्सेस ब्राइड"पासून सुरुवात करा, दीड तासाच्या थोडा वर आहे, घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना घेऊन बसा. मग "गुपी बाघा", सबटायटल लावून. "गुड ओमेन्स"चा तिसरा एपिसोड आधीचे दोन झाल्यावरच. आणि "हॉगफादर" तीन तासांच्या वर जातो, तो एका बैठकीत उरकू नका, दोन भागांत आहे तो दोन संध्याकाळींत बघा.